बारामासा आणि एक्स-रे फिल्म: लघुचित्राचा पृष्ठभाग बदलताना

कागदावरील कलाकृतींचे जतन हे माझे काम. या प्रकरणात मला सल्ल्यासाठी बोलावले तेव्हा निम्मे नुकसान होऊन गेले होते आणि उरलेल्या निम्म्यातील थोडे माझ्या पहिल्या सल्ल्याने वाढवले. ओळख पटू नये म्हणून गाव, कलादालन आणि व्यक्तींचे तपशील वगळले आहेत.

पार्श्वभूमी

चित्रकर्ती राजस्थानी लघुचित्रशैलीत घडलेली. एका उस्तादांच्या घरी अनेक वर्षे बसून तिने हे काम शिकले होते, आणि तेही पहिल्या पायरीपासून. कागदाचे तीन-चार थर खळीने एकमेकांवर चिकटवून वसली तयार करायची, कीड लागू नये म्हणून त्या खळीत मोरचूद घालायचे, वाळलेली वसली अकीकाच्या दगडाने घोटून काचेसारखी गुळगुळीत करायची. मग खाका, त्यावर पांढऱ्याचा पातळ हात, सपाट रंगाचे गदरंग, पुन्हा पालथे घालून घोटणे, नंतर बाह्यरेषांची खुलाई आणि शेवटी खारीच्या केसांच्या एका टोकाने बारीक ठिपक्या-रेषांचे परदाज. रंग बाभळीच्या डिंकात घोटलेले आणि शिंपल्यांत ठेवलेले. हे सगळे तिच्या हातात इतके मुरले होते की कोणत्या रंगाला डिंक किती लागतो, हे ती मापाने सांगू शकत नसे. बोटावर घासून पाहत असे.

तिच्या आईला फुफ्फुसाचा जुना आजार होता. आईच्या मृत्यूनंतर कपाटात एक्स-रे फिल्म्सचा गठ्ठा सापडला. प्रत्येक फिल्मच्या कोपऱ्यात तारीख होती. त्या तारखा तिने पंचांगाशी लावून पाहिल्या आणि तिला बारामासाची मालिका सुचली. राजस्थानी चित्रकारांनी बारा महिन्यांचे विरह आणि ऋतू शेकडो वेळा रंगवले आहेत. तिच्या मालिकेत प्रत्येक महिन्याचे चित्र त्या महिन्यात काढलेल्या फिल्मवर येणार होते. आषाढाच्या फिल्मवर बरगड्यांच्या कमानींतून झरोके, श्रावणाच्या फिल्मवर झोके, आणि मागून प्रकाश. छातीची फिल्म बहुधा चौदा बाय सतरा इंचांची असते. लघुचित्रासाठी हा आकार मोठा, पण तिला तो चालणार होता, कारण रिकामा काळा भाग हाच तिचा हाशिया, म्हणजे चित्राभोवतीची कड, होता.

कल्पना एवढी चांगली होती की तिच्याविषयी शंका घ्यायला कोणी धजावले नाही. अपारंपरिक साहित्याचा आक्षेपही टिकणारा नव्हता. लघुचित्राचा पृष्ठभाग आधीही बदलत आलेला आहे. पूर्व भारतातील पाल राजवटीच्या काळातील पोथ्या आणि पश्चिम भारतातील सुरुवातीच्या जैन पोथ्या ताडपत्रावर रंगवलेल्या आहेत आणि कागद नंतर आला. जम्मूकडच्या पहाडी भागातील बसोहलीच्या चित्रकारांनी दागिन्यांतील पाचूंसाठी भुंग्याच्या हिरव्या पंखांचे तुकडे चिकटवले. सतराव्या शतकात दख्खनमध्ये अबरीच्या, म्हणजे रंगांच्या लहरी उमटवलेल्या, कागदाची नक्षीच घोड्याचे अंग म्हणून वापरली गेली. अलीकडचे पाहायचे तर लाहोरच्या नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्समध्ये १९८०च्या दशकात लघुचित्रण हा स्वतंत्र पदवीविषय झाला आणि तिथून निघालेल्या चित्रकारांनी या शिस्तीला चौकटीबाहेर नेले. शाहझिया सिकंदर यांचा १९८९-९० मधील पाच फुटांहून लांब पट असो, इम्रान कुरेशी यांनी २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या गच्चीवरच केलेले रंगकाम असो, किंवा नूर अली छगानी यांच्या भाजक्या मातीच्या चिमुकल्या विटा असोत. तेव्हा एक्स-रे फिल्मवर लघुचित्र काढावे की नाही हा प्रश्नच नव्हता. ती फिल्म नेमकी कशाची बनलेली आहे हा प्रश्न मात्र विचारायला हवा होता, आणि तो कोणी विचारला नाही.

अडचण

आईच्या फिल्म्स आठ महिन्यांच्याच होत्या. ज्येष्ठ, आश्विन, पौष आणि फाल्गुन या महिन्यांची एकही फिल्म गठ्ठ्यात नव्हती. वापरलेल्या फिल्म्समधून चांदी काढली जाते, म्हणून त्या भंगारात विकत मिळतात. तशा चार फिल्म्स तिने मिळवल्या. पावसाळ्यात चैत्र, आषाढ, श्रावण आणि भाद्रपद अशी चार चित्रे पूर्ण झाली. दालनाशी प्रदर्शनाची तारीख ठरली.

हिवाळ्याच्या पहिल्या कोरड्या आठवड्यात भाद्रपदाच्या चित्रातील ढगांचा निळा रंग टेबलावर पडलेला दिसला. मी ते चित्र नंतर भिंगाखाली पाहिले. आटलेल्या तळ्याच्या गाळाला पडतात तशा भेगा होत्या आणि प्रत्येक पापुद्र्याच्या कडा वर उचलून त्याची छोटी वाटी झाली होती. पापुद्र्याची खालची बाजू आरशासारखी गुळगुळीत होती. म्हणजे रंग मधोमध फाटला नव्हता, तो फिल्मला कधी चिकटलाच नव्हता. पण ही बाजू उलटवून पाहायला आम्हाला तीन आठवडे लागले.

त्या तीन आठवड्यांत दोन चुका झाल्या. चित्रकर्तीने आपल्या सवयीने दोष रंगाला दिला आणि डिंक कमी पडला असे समजून श्रावणाच्या चित्रातील सैल भागांवर जास्त डिंकाचा हात दिला. डिंक जास्त झाला की रंगाचा थर कोरड्या हवेत अधिक ठिसूळ होतो, त्यामुळे भेगा वाढल्या. मग तिने मला फोन केला. मी चित्र न पाहता, तिच्याच निदानावर विसंबून, डिंकात मधाचे काही थेंब घालायला सांगितले. मध ओलावा धरून ठेवतो आणि थर लवचिक राहतो, जलरंग बनवणारे हे पूर्वापार करत आले आहेत. सल्ला रंगाच्या दृष्टीने बरोबर होता आणि या चित्राच्या दृष्टीने निरुपयोगी. पापुद्र्यांच्या कडा थोड्या खाली बसल्या, पण पृष्ठभाग चिकट झाला आणि त्यावर धूळ बसू लागली. फोनवर निदान करू नये हे मी दुसऱ्यांना सांगत असते.

निदान

चारही चित्रे शेजारी ठेवल्यावर पहिली खरी गोष्ट लक्षात आली. चैत्र आणि आषाढ धडधाकट होते. रंग तोच, डिंक तोच, हात तोच, ऋतू तोच. फरक असलाच तर फिल्ममध्ये होता.

जुन्या पद्धतीची एक्स-रे फिल्म म्हणजे निळसर झाक असलेल्या पॉलिएस्टरच्या पत्र्यावर, बहुधा दोन्ही बाजूंनी, जिलेटिनचा थर असतो आणि त्या जिलेटिनात चांदीचे कण असतात. ती रसायनांच्या पाण्यात धुऊन काढली जाते. जिलेटिन पाणी पिते, थोडे फुगते आणि डिंकाच्या रंगाला पकड देते. ते कागदासारखे नसले तरी कागदाच्या दूरच्या नात्यातले आहे, कारण चांगल्या कागदालाही जिलेटिनची पाजणी, म्हणजे पातळ हात, दिली जातेच. नंतर आलेली कोरडी फिल्म वेगळी असते. तिच्यावरची प्रतिमा उष्णतेने उमटते, धुण्याचा प्रश्न येत नाही, आणि तिच्या वर संरक्षणासाठी एक बंद, गुळगुळीत थर असतो. तिथे पाण्याचा रंग वाळून बसतो, शिरत नाही. पावसाळ्यात हवेत दमटपणा असतो तोवर डिंक मऊ राहतो. हिवाळ्यात तो आकसतो, खालचा पत्रा आकसत नाही, आणि रंग आपल्याच ताणाने सुटतो.

कडेच्या कापलेल्या पट्टीवर पाण्याचा एक थेंब टाकून पाच मिनिटे थांबायचे, एवढीच चाचणी पुरली. आठपैकी पाच फिल्म्सवर थेंबाखालची जागा बोटाला चिकट लागली. श्रावण, भाद्रपद आणि कार्तिक या तिन्हींवर थेंब मण्यासारखा उभा राहिला. आईला शेवटच्या काळात मोठ्या रुग्णालयात हलवले होते आणि तिथे कोरड्या फिल्मची यंत्रे होती, हे नंतर तारखांवरून कळले. भंगारातल्या चारही कोरड्या निघाल्या.

दुसरी अडचण त्याहून गंभीर होती. कोरड्या फिल्मच्या थरात प्रतिमा उमटल्यावरही उष्णतेला आणि प्रकाशाला प्रतिसाद देणारे रसायन शिल्लक राहते. चित्रकर्तीने मागून प्रकाश देणाऱ्या पेट्या मागवल्या होत्या. भंगारातील एक फिल्म पेटीवर आठ दिवस लावून ठेवली, तेव्हा तिचा पारदर्शक भाग झाकलेल्या पट्टीच्या तुलनेत करडा पडलेला दिसला. म्हणजे प्रदर्शनाचा प्रकाशच आईच्या फिल्म्स हळूहळू मिटवणार होता.

समोरचे पर्याय

सगळ्यात सोपा मार्ग ॲक्रिलिकचा होता. ते कोरड्या फिल्मला डिंकापेक्षा बरे धरते. चित्रकर्तीने एका तुकड्यावर नायिकेचा हात रंगवून पाहिला आणि मला दाखवला. रेष होती, परदाज नव्हते. डिंकाचा रंग ओल्या कुंचल्याने पुन्हा जागा होतो, खालच्या थरात वरचा ठिपका विरघळतो आणि त्यातून मांसल गोलाई येते. ॲक्रिलिक एकदा वाळले की वाळले. तिच्या हातातील अर्धे कौशल्य इथे बेकार ठरत होते, आणि ते सोडले तर या चित्राला लघुचित्र म्हणण्याचे कारण माझ्या मते उरत नव्हते.

फिल्मवर आधी खरबरीत अस्तर देणे हा दुसरा मार्ग. त्याने पकड येते आणि पारदर्शकता जाते, त्यामुळे तो फार वेळ चर्चेत राहिला नाही. तुरटी घातलेल्या जिलेटिनचा पातळ हात कोरड्या फिल्मवर देऊन तिला जुन्या फिल्मसारखे करता येईल का, हेही आम्ही तपासले. तुकडा दोन-तीन वेळा हलकेच वाकवल्यावर जिलेटिनच सबंध पापुद्र्याने निघाले.

तिसरा मार्ग फिल्म्स स्कॅन करून नव्या, शाई धरणाऱ्या पारदर्शक पत्र्यावर छापण्याचा होता. जतनाच्या दृष्टीने हा सर्वांत शहाणा पर्याय, आणि मी त्याच्या बाजूने बोलले. चित्रकर्तीने एका वाक्यात नकार दिला: आईच्या हाताने धरलेला पत्रा तिला हवा होता, आईचा फोटो नको होता. इथे मी वाद घातला नाही. साहित्य निवडण्यामागे जर तेच कारण असेल, तर त्याची प्रत वापरून साहित्य वाचत नाही, फक्त प्रतिमा वाचते.

चौथी वाट उस्तादांनी नकळत दाखवली. चित्रकर्ती भाद्रपदाचे चित्र घेऊन त्यांच्याकडे गेली होती. ते रागावतील अशी तिची समजूत होती. त्यांनी पापुद्रा नखावर घेतला, फुंकर मारली आणि म्हणाले, “कागद रंग पितो, बेटा. ही फिल्म पीत नाही. अभ्रकही पीत नसे.” अभ्रकावरची चित्रे एकोणिसाव्या शतकात मुर्शिदाबाद, पाटणा, बनारस आणि तिरुचिरापल्ली इथे मोठ्या प्रमाणावर होत असत आणि संग्रहालयांत त्यांचा रंग आजही याच कारणाने झडताना दिसतो. पण त्यांतील काही संचांची रचना वेगळी होती. एका पुठ्ठ्यावर चेहरा रंगवलेला असे, आणि त्यावर ठेवण्यासाठी अभ्रकाचे पारदर्शक पत्रे असत, ज्यांवर चेहऱ्याची जागा मोकळी सोडून निरनिराळे पोशाख काढलेले असत. पारदर्शक पत्रा आणि रंगवलेला पुठ्ठा एकमेकांना चिकटवलेले नसत, एकावर एक ठेवलेले असत. हे ऐकताना मला आमची चूक नेमकी दिसली. फिल्मकडून आम्ही वसलीचे काम करून घेऊ पाहत होतो.

निर्णय आणि कृती

तीन निर्णय झाले आणि त्यांतील मधला सर्वांत अवघड होता.

जिलेटिनच्या पाच फिल्म्सवर थेट रंगवणे चालू ठेवायचे ठरले. फक्त पांढऱ्याचा जाड थर टाळायचा आणि फिल्म एका बाजूने फार ओली होऊ द्यायची नाही, कारण एकाच बाजूचे जिलेटिन फुगून वाळले की पत्रा वळतो. पालथे घालून घोटणे इथे शक्यच नव्हते. अकीकाचा पहिलाच हात मागच्या जिलेटिनवर ओरखडा काढून गेला. त्यामुळे वसलीवर जी मुलायम चमक येते, ती या चित्रांना कधीच आली नाही.

कोरड्या तीन फिल्म्ससाठी रंग पुन्हा वसलीवर आणला. नेहमीपेक्षा पातळ, दोनच थरांची वसली केली, तिच्यावर चित्र रंगवले आणि जिथे फिल्म दिसायला हवी तिथे कागद कातरून काढला. फिल्म मागे, वसली पुढे, मध्ये पुठ्ठ्याच्या पट्टीने ठेवलेले थोडे अंतर. रंगाचा फिल्मशी कुठेही स्पर्श नाही. पहिल्या वसलीत घोटाई आधी आणि कातरकाम नंतर केले, तेव्हा पात्याच्या कडेला रंगाचे टवके उडाले. दुसऱ्या वेळी आधी कातरून, मग कडा दाबून घोटल्या आणि त्यानंतरच परदाज केले. भाद्रपदातील ढग असे कातरले गेले की त्यांच्या पोटातून फुफ्फुसाची पांढुरकी सावली दिसे.

पण त्यासाठी श्रावणाच्या फिल्मवरचा उरलेला रंग काढावा लागणार होता. सहा आठवड्यांचे काम होते. डिंकाचा रंग पाण्याने निघतो आणि कोरड्या फिल्मला थोड्या ओल्या बोळ्याने इजा होत नाही, हे मी तुकड्यावर दाखवले. जिलेटिनच्या फिल्मवर हे करता आले नसते. बोळा तिने माझ्या हातातून घेतला. झोक्यावरच्या नायिकेचा चेहरा तिने सर्वांत शेवटी पुसला, आणि पुसण्याआधी त्याचा खाका घेतला. तोच खाका पुढे वसलीवर वापरला. भाद्रपदाची फिल्म मात्र तशीच नमुना म्हणून ठेवावी, असे मी सुचवले. नव्या भाद्रपदासाठी त्याच महिन्यातील दुसरी, लहान फिल्म गठ्ठ्यात होती.

तिसरा निर्णय भंगारातल्या फिल्म्सचा. त्यांवर अनोळखी रुग्णांची नावे छापलेली होती. नावाची पट्टी कापून टाकता आली असती, आणि दालनाचा आग्रह तसाच होता, कारण बारा चित्रांची मालिका जाहीर झाली होती. माझा आक्षेप असा होता की नाव कापले तरी छाती त्याच माणसाची राहते आणि त्याने संमती दिलेली नाही. चित्रकर्तीने मात्र वेगळ्या कारणाने त्या बाजूला केल्या. ज्या चार महिन्यांच्या फिल्म्स गठ्ठ्यात नव्हत्या, त्या महिन्यांत आईला रुग्णालयात जावे लागले नव्हते. तिथे दुसऱ्या कोणाचे दुखणे आणून बसवणे खोटे ठरले असते. ते चार महिने तिने फक्त घोटलेल्या वसलीवर ठेवले: कडेला हाशिया, जदवलीच्या, म्हणजे चौकटीच्या, रेषा आणि मध्ये कोरी, चमकणारी जागा. आईच्या फिल्म्सवरची तारीख तिने ठेवली आणि नाव हाशियाखाली झाकले.

निष्पत्ती

प्रदर्शन ठरल्यापेक्षा उशिरा झाले आणि मालिका एकसंध राहिली नाही. काही चित्रे प्रकाशाच्या पेटीत, काही कागदाआड, काही कोरी, यामुळे काही पाहणाऱ्यांना ती तीन चित्रकारांची वाटली, आणि ही टीका मला रास्त वाटते. कोरड्या फिल्म्सच्या चित्रांमागे पेटी न लावता थोड्या अंतरावर पांढरा पुठ्ठा ठेवला होता. त्यामुळे ती अंधुक दिसत आणि पाहणाऱ्याला अगदी जवळ जावे लागे. लघुचित्र मुळात हातात धरून पाहायची गोष्ट, म्हणून हे चित्रकर्तीला आवडले. दालनाला आवडले नाही.

वर्षभरानंतर मी सगळी चित्रे पुन्हा तपासली. वसली लावलेल्या तिन्हींत रंगाला धक्का नव्हता. चैत्राच्या फिल्मचा एक कोपरा वळला आहे. माघाच्या चित्रात, जिथे धुक्यासाठी तिने माझे न ऐकता पांढरा जाड लावला होता, तिथे केसाएवढ्या भेगा आहेत. कार्तिकाची फिल्म एका कडेला किंचित करडी झाली आहे. हे प्रदर्शनात झाले की त्याआधी, हे सांगता येत नाही, कारण काम सुरू होण्यापूर्वीचा एकही स्कॅन आमच्याकडे नाही.

वेगळे काय करता आले असते

स्कॅन पहिल्या दिवशी व्हायला हवे होते. चित्रकर्तीला प्रतीवर रंगवायचे नव्हते हे मान्य, पण प्रती चाचण्यांसाठी आणि तुलनेसाठी लागल्या असत्या, आणि ज्या वस्तूचा दुसरा नग जगात नाही तिच्यावर चाचणी करण्याची वेळ आली नसती. पाण्याच्या थेंबाची चाचणी पाच मिनिटांची होती. ती पहिल्या फिल्मवर झाली असती तर श्रावण पुसावा लागला नसता.

चित्रे पावसाळ्यात करून हिवाळ्यापर्यंत थांबण्याऐवजी एक तुकडा कोरड्या हवेत, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डब्यात, आठवडाभर ठेवून पाहता आला असता. उस्तादांकडे जायला चित्रकर्ती कचरली, कारण नव्या साहित्याबद्दल परंपरेचा माणूस काय सांगणार, असे तिला वाटले. मलाही तसेच वाटले होते, हे कबूल करायला हवे. अभ्रकाची आठवण त्यांना झाली, मला नाही, आणि अभ्रकावरची झडलेली चित्रे मी माझ्या कामात स्वतः हाताळलेली आहेत.

एका मुद्द्यावर मात्र आम्हा दोघींचे अजून जुळलेले नाही. जिलेटिनच्या पाच फिल्म्सही वसलीआड घ्यायला हव्या होत्या, असे माझे मत आहे, कारण त्यांच्यावरचा रंग आज टिकला असला तरी दुरुस्त करता येणार नाही: रंग भिजवायला पाणी लावले की खालचे जिलेटिनही भिजणार. चित्रकर्तीचे म्हणणे असे की आषाढाच्या चित्रात बरगडीच्या कडेवरून कुंचला चालवताना तिला जे हाताला लागले, ते कागदाआडून कधीच लागले नसते.

भाद्रपदाची जुनी फिल्म माझ्या टेबलाच्या खणात एका पाकिटात आहे. पावसाळ्यात तिच्यावरच्या निळ्या पापुद्र्यांच्या कडा खाली बसतात आणि थंडी पडली की पुन्हा उचलतात. दर हिवाळ्यात पाकिटाच्या तळाशी थोडा निळा रंग जास्त साठलेला असतो.